भिंतीतला जोड

पडद्यावर हळद चढली की माझी खोलीसुद्धा पिवळी होते. समोरची भिंत, माझे हात, कळफलकाच्या कडा, थंड होत चाललेला चहा, या सगळ्यावर त्या उजेडाची एक पातळ साय धरते. पायाशी मशीनचे पंखे एका सुरात घुमत असतात, भरदुपारी पिकत्या भाताच्या खाचरावर किडे घुमतात तसे, ऐकू येत असूनही न ऐकलेले. आणि मग काही सूचना न देता तो सूर तुटतो. पिवळं जातं. पडदा काळा होतो, आणि त्या काळ्यात कोण दिसतं? चष्मा लावलेली, केस वर गुंडाळलेली, तोंड उघडं राहिलेली पन्नाशीची एक बाई. यंदाच्या भाद्रपदात आणि आश्विनात मी स्वतःला जितकं पाहिलं, तितकं आरशातही कधी पाहिलं नसेल!

लग्नं लागतात मांडवात, पण ती बघण्याजोगी होतात माझ्या टेबलावर. महाड-पोलादपूरचे फोटोग्राफर चित्रण आणून देतात आणि मी ते मिक्सिंग करते. म्हणजे आठ-दहा तासांचं कापून दीड तासाचं करते. भटजींची घाई, करवल्यांचे रुसवे, पंगतीतली ओढाताण यातलं काय राहायचं आणि काय जायचं, हे मी ठरवते. कापून टाकायचे माझे काही नियम आहेत. पाठ दिसली की काप. जांभई दिली की काप. कॅमेऱ्याकडे बघून कुणी बोललं तर तेही काप. माणूस कॅमेरा विसरलेला असतो तेव्हाच तो बघण्यासारखा असतो, असं माझं इतक्या वर्षांचं मत. सगळे तुकडे जुळले की मशीन ते एकसंध करायला घेतं. त्याला रेंडर म्हणतात. अडीच तास लागतात, आणि तेवढा वेळ मशीनने फक्त चालू राहायचं असतं. माझं मशीन नेमकं तेवढंच करत नव्हतं.

मशीन नवं होतं, आणि मीच जोडलेलं. सुटे भाग मागवले, जेवणाच्या टेबलावर जुनी चादर अंथरली आणि एका रविवारी स्क्रू पिळत बसले. कोर्टातून निवृत्त झालेला माझा नवरा चष्मा पुसत म्हणाला, "अगं, काही उरलं तर नाही ना? उरलेले स्क्रू सांगतात काय चुकलं ते." एकही उरला नव्हता. पहिल्याच कळीला ते सुरू झालं तेव्हा मला स्वतःचा इतका अभिमान वाटला की मी शेजारच्या दोन घरांत पेढे दिले. त्यामुळे बाराव्या दिवशी ते पहिल्यांदा बंद पडलं, तेव्हा मी पहिला संशय घेतला तो स्वतःच्या हातांवर. आपण जोडलेली वस्तू बिघडली की माणूस आधी स्वतःलाच उलगडून बघतो, नाही का?

त्यात हातात असलेलं लग्न साधं नव्हतं. आंबेनळी घाटाच्या पायथ्याशी एक वाडी आहे, तिथल्या शुभांगीचं लग्न वैशाखात झालं. आषाढात लावणी चालू असताना तिचे वडील बांधावर बसले ते उठलेच नाहीत. घरात त्यांचे फोटो दोन, तेही आधारकार्डासारखे, डोळे वटारलेले. हालते-बोलते आबा फक्त या चित्रणात होते. फोटोग्राफरने कॅमेऱ्यातली कार्डं पुढच्या लग्नासाठी रिकामी केली होती, तशी रीतच आहे. चित्रण होतं ते माझ्याकडच्या दोन डिस्कवर. त्यातली एक मशीनच्या तिसऱ्या झटक्यात कायमची गेली. राहिली एक.

आणि याच घरचं एक लग्न मी आधी एकदा घालवलेलं आहे. शुभांगीची थोरली बहीण सुनंदा. पूर आला त्या वर्षीच्या उन्हाळ्यात तिचं लग्न झालं होतं आणि मिक्सिंग अर्धवट असताना सावित्री नदी घरात शिरली. सुनंदाचं लग्न, तिच्याबरोबर आणखी बारा-पंधरा लग्नं, खालच्या खणातून काढली तेव्हा त्यांच्यातून गढूळ पाणी ठिबकत होतं. मी फोनवर सांगितलं, "गेलं गं सगळं." ती म्हणाली, "पाण्यानं नेलं, काकी. त्याला तुम्ही काय करणार?" जे सांगायचं ते तेव्हा सांगितलं नाही.

तर मी वही घातली. तारीख, वेळ, मशीन काय करत होतं, मी काय करत होते. मन लावून केलेली नोंद हा माझा एकमेव देवधर्म म्हणायला हरकत नाही. मग एकेक संशयित तपासला. मेमरीच्या पट्ट्या काढल्या, पुसल्या, जागा बदलून बसवल्या. एकावेळी एकच ठेवून बघितली. रात्रभर मेमरीची चाचणी लावली, ती निर्दोष सुटली. मग वाटलं, उष्मा असेल. पाऊस ओसरल्यावर आमच्याकडे जे ऊन पडतं त्यात छपरावरचे पत्रेसुद्धा करकरतात, मग मशीनचं काय! मशीनच्या कपाटाचं, म्हणजे कॅबिनेटचं, झाकण काढून त्याच्या उघड्या पोटावर टेबलफॅन लावला. त्या दिवशी ते दोनदा पडलं.

शेवटी कपाट रिक्षात घालून बाजारपेठेत शबानाच्या दुकानात नेलं. लग्नाची डिस्क मात्र काढून घरीच ठेवली, गिऱ्हाइकाची वस्तू परक्या टेबलावर ठेवायची नाही म्हणून. शबाना माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि माझ्याहून दुप्पट शांत. तिने पितृपक्षातले चार दिवस ते सलग चालवलं, तापवलं, त्याच्यावर नाही नाही ते भार टाकले. ते हसत चालत राहिलं. पाचव्या दिवशी तिचा फोन आला.

"ताई, घेऊन जा. काही नाही झालंय याला."

"असं कसं? माझ्याकडे तासभर टिकत नाही."

"मग काय सांगू? माहेरी धडधाकट आहे. सासरी गेलं की आजारी पडतं." आणि ती इतक्या मोठ्याने हसली की दुकानातलं गिऱ्हाईकही हसलं असावं. मी हसले नाही. अशा मुली मी पडद्यावर पुष्कळ पाहिल्या आहेत आणि अशा वेळी दोष मुलीत शोधायचा नसतो, हे मला तिथेच कळायला हवं होतं.

घरी आणलं आणि घट बसले. काय आश्चर्य! पहिली माळ गेली, दुसरी गेली, मशीन एकदाही पडलं नाही. मी मनाशी म्हटलं, शबानाने धूळ झटकताना कुठली तरी सैल पिन बसली असेल. नऊ दिवस मी निर्धास्त काम केलं. शुभांगीच्या हळदीची रात्र लावली, मुहूर्त लावला, पाठवणी लावली. आबा कुठे कुठे दिसतात ते शोधत गेले. बहुतेक ठिकाणी पाठच दिसते. मुलीचा बाप लग्नात सगळ्यांत जास्त राबतो आणि सगळ्यांत कमी दिसतो! एका जागी मात्र ते समोर आहेत. जेवणानंतर पाहुण्यांच्या हातांवर तांब्यातून पाणी घालताहेत, कॅमेरा जवळ येतो, ते मान वर करतात आणि म्हणतात, "माजं काय घेतोस? पोरीचं घे. जा तिकडं." चार सेकंद. माझ्या नियमाप्रमाणे कापायचीच जागा. किती लग्नांत किती बापांचे असे चार-चार सेकंद मी आजवर कापून टाकले असतील! मी ते राहू दिले आणि त्यानंतरची त्यांची पाठही राहू दिली.

सातव्या माळेला मी सुनंदाला फोन केला. दिवाळीला दोघी बहिणी माहेरी येणार होत्या. म्हटलं, "आईला घेऊन या. तयार असेल." एक गोष्ट मात्र त्या नऊ दिवसांत मी केली नाही, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. उरलेल्या डिस्कची दुसरी प्रत काढली नाही. मशीन चालतंय, उद्या काढू. पुराआधीही मी हेच म्हणत होते.

दसऱ्याला कपाटाची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचा हार, वर आपट्याचं पान. साडेअकराला रेंडर लावलं आणि स्वयंपाकाला गेले. पाऊण तासाने परत येऊन बघते तर पंखे गप्प. काळ्या पडद्यात तीच बाई, मागे झेंडूचा हार. नवरा दारातून डोकावला. "पूजेला भुललं नाही म्हणायचं!" मी मशीन पुन्हा चालू केलं. ते उठलं, पण डिस्क दिसेना. बंद केलं, वायर काढली, पुन्हा जोडली. दिसेना. मी काही देवाधर्माची बाई नाही आणि रडकी तर नाहीच नाही, पण त्या दहा मिनिटांत माझ्या पोटऱ्यांतून गाळाचं थंड पाणी वर चढत होतं, खरोखरच्या पाण्यासारखं. सुनंदाला दुसऱ्यांदा कुठल्या शब्दांत सांगायचं? या खेपेला पाण्याने नेलं असंही म्हणता आलं नसतं. चौथ्या खेपेला डिस्क दिसली. मी ती तशीच काढली, रुमालात गुंडाळली, माळ्यावर तांदळाच्या पिंपात ठेवली आणि कारण सापडेपर्यंत ती मशीनला लावायची नाही असं ठरवून वही घेऊन बसले.

वही मी रोज लिहीत होते, वाचली मात्र त्या दिवशी पहिल्यांदा. मशीन काय करत होतं, हा रकाना प्रत्येक वेळी वेगळा. मी काय करत होते, हा रकाना जवळजवळ दर वेळी एकच: 'टेबलावर नव्हते.' वाटलं, म्हणजे काय, माझी पाठ वळली की हे रुसतं? मग स्वतःलाच विचारलं, टेबलावर नव्हते तर कुठे होते? स्वयंपाकघरात. आणि तिथे काय करत होते? आज काय केलं? नऊ दिवसांनंतर पहिल्यांदा कांदा-खोबऱ्याचं वाटण!

नवऱ्याचे नवरात्राचे उपवास असतात. दोन स्वयंपाक कोण करत बसणार, म्हणून मीही वरी-रताळ्यांवर राहते. दाण्याचं कूट घट बसण्याच्या आदल्या दिवशीच करून ठेवते. नऊ दिवस आमच्या घरात मिक्सर लागत नाही. मी वहीत मागे गेले. रविवार, माशांचं कालवण. गौरीजेवणाचा दिवस. त्याआधीचा रविवार. दोनदा मी टेबलावरच असताना पडलं होतं, तेव्हा काय? नवऱ्याला विचारलं. त्याने जरा आठवून सांगितलं, "सोलकढीचं खोबरं मीच लावलं होतं की. का?"

"जा आत. मिक्सर लाव."

"रिकामा?"

"लाव म्हटलं ना!"

मी डिस्कशिवायच मशीन चालू केलं. त्याने एकदा लावला, काही झालं नाही. दुसऱ्यांदा लावला, पंख्यांचा सूर किंचित अडखळला. तिसऱ्यांदा भांड्यात उरलेलं खोबरं घालून लावला, आणि पडदा काळा. इतक्या दिवसांत त्या काळ्या पडद्यातली बाई मी पहिल्यांदाच हसताना पाहिली. आतून आवाज आला, "गेलं का? परत लावू का?" सणाच्या दिवशी इतकं मन लावून कुणी मिक्सर चालवला नसेल.

दुसऱ्या दिवशी काशिनाथदादा आले. आमच्या आळीचे जुने वायरमन, साठी उलटलेले, बोलणं कमी आणि बोललं की वर्मावर. पुरानंतर घरातले सगळे बोर्ड त्यांनीच वर घेतले होते. महाडात हे कुणाला सांगायला नको. आमच्याकडे घराघरात बोर्ड डोक्याच्या उंचीवर आहेत, पाहुणा आला की बटण शोधत भिंत चाचपतो. पाणी जिथवर आलं होतं त्याच्या वर वीज, त्याच्या वर कागदपत्रं, त्याच्याही वर तांदूळ. त्यांनी बोर्ड उघडला, टेस्टर लावला आणि मान हलवली.

"वैनी, हितं काय नाय. वायर खालून येतेय ना, तितं बघायला लागंल. जोड तितं हाय."

"कुठला जोड?"

त्यांनी टेस्टरने खाली गुडघ्याजवळची भिंत दाखवली. "विसरलात? जुन्या बोर्डाची पेटी. वायर आखूड पडली, तवा तितं जोड दिला. मी बोललो, वर झाकन ठेवूया, उगडता येईल. तुमी काय बोललात?"

मला आठवलं. विसरले नव्हतेच, फक्त बघत नव्हते. घरात गुडघाभर गाळ उपसून झाला होता, हाताची सालं निघाली होती, आणि भिंतीवर ती एक आडवी मातकट रेघ राहिली होती. मी म्हणाले होते, "ती रेघ आणि हा खड्डा उद्या सकाळी मला दिसता कामा नये. बुजवून टाका." त्यांनी बुजवलं. वर रंग मारला. मी पुढच्या कामाला लागले, आणि आपण किती लवकर कामाला लागलो याचं मला कौतुकही वाटलं.

छिन्नीने गिलावा फोडला तेव्हा आधी बाहेर आला तो गाळ, सुकून पिठासारखा बारीक झालेला. त्याला अजूनही तोच वास होता. मग पेटी, आणि पेटीत दोन पिळलेल्या तारा, त्यावरची चिकटपट्टी वितळून काळी पडलेली. एक तार तर काशिनाथदादांनी नुसतं बोट लावलं आणि सुटली.

"ह्यो बगा. एवढ्याशा पिळावर अर्धं घर चाललंय. मिक्सर जोर मागतो, हितं जोर पुरत नाय. नशीब आग नाय लागली."

"पण दिवे तर कधी लुकलुकले नाहीत."

"आताचे दिवे मुके हायत, वैनी. पिवळा बल्ब असता तर त्यानं डोळा मारला असता. आनि त्या मशीनला खाली ब्याटरीचा डबा असतो ना, तो कुठाय?"

तो मी काढून ठेवला होता. जुन्या मशीनच्या यूपीएसला नवं पेलेना, तो भोंगा वाजवायचा, म्हणून. म्हणजे जुनं मशीन इतकी वर्षं याच जोडावर चाललं आणि डब्याने ते सोसलं. नवं मात्र पहिल्या दिवसापासून खरं बोलत होतं, आणि मी त्याच्याच पट्ट्या उपसत होते.

त्यांनी नवी वायर सलग ओढली, मध्ये जोड न देता. पेटी बुजवू का विचारलं, मी नको म्हटलं. तिला आता पांढरं झाकण आहे, दोन स्क्रूंचं. जाताना चपला घालत ते म्हणाले, "जोड द्यायला हरकत नसते, वैनी. पन भिंतीत पुरायचा नसतो. हात पोचला पायजे."

मी असली वाक्यं भिंतीवर लावणाऱ्यांतली नाही. पण खरं आहे ते. आवरतं घेणं म्हणजे बरं होणं, अशी आम्हा कामसू बायकांची एक समजूत असते. भांडी घासून पालथी घातली, की जेवण संपलं. भिंत रंगवली, की पूर संपला. चार लोक आपल्याला खंबीर म्हणतात आणि आपल्यालाही ते पटतं. आत कुठेतरी तार तापत असते, तिचा वास यायला मात्र वर्षं लागतात.

पिंपातल्या डिस्कची आधी दुसरी प्रत काढली, मग रेंडर लावलं, ते एका दमात पूर्ण झालं. दिवाळीच्या तिसऱ्या दिवशी सुनंदा आणि तिची आई सकाळच्या एसटीने आल्या. शुभांगीला सासरच्यांनी दोन दिवस उशिरा पाठवायचं ठरवलं होतं, म्हणून तिला व्हिडिओ कॉल लावून सुनंदाचा फोन टेबलाशी उभा केला. आई जमिनीवरच बसली. खुर्ची नको म्हणाली. सुनंदाचं लक्ष गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या त्या झाकणाकडे गेलं.

"हे काय, काकी? एवढ्या खाली बोर्ड? महाडात?"

काशिनाथदादांचं म्हणणं होतं, हात पोचला पाहिजे. मी सांगितलं. जोडाचं सांगितलं आणि मग, न ठरवता, त्याच्या मागचंही. की पुराच्या दिवशी इशाऱ्याचा भोंगा झाल्यावर माझ्याकडे दीड तास होता. मी दोन पोती तांदूळ माळ्यावर चढवला, मग गॅसची टाकी, मग गाद्या. डिस्कचा खण समोर दिसत होता. एका हाताचं काम होतं ते, दोन मिनिटांचं. मला वाटलं, पाणी तितकं वर कुठे येतंय. "तुझं लग्न पाण्याने नाही नेलं, सुनंदा. मी ते खाली ठेवलं."

सुनंदा झाकणाकडे बघत राहिली. तिचा चेहरा मला वाचता आला नाही, आणि चेहरे वाचणं हा तर माझा धंदा. मग ती म्हणाली, "तांदूळ वाचला ना?"

"वाचला."

"आमच्याकडे तवा तो पण नाय वाचला." शाळेत शिकलेलं तिचं बोलणं घाटाखालच्या बोलीवर उतरलं होतं. "लावा आता, काकी. आई थांबलीय."

मी लावलं. हळद चढली, खोली पिवळी झाली. आई आधी नुसतीच साड्या बघत होती, कुणाची कुठली ते सांगत होती. पंगत आली. आबा तांब्या घेऊन वाकले, आणि नेमक्या त्याच क्षणी आत नवऱ्याने मिक्सर लावला. पाहुण्यांसाठी बिरड्याच्या उसळीचं खोबरं. माझा हात आपोआप टेबलाच्या कडेवर घट्ट झाला. मिक्सर जोर मागत राहिला, भिंत जोर देत राहिली. पिवळा उजेड हलला नाही. आणि त्या घरघरीतून आबांचा आवाज आला, "माजं काय घेतोस? पोरीचं घे. जा तिकडं."

"बगा, बगा!" आई गुडघ्यांवर उठली. "मला पन असाच बोलायचा. जा तिकडं! बोल म्हनावं अजून." मग माझ्याकडे वळून, हळूच, "परत लाव गो."

मी परत लावलं. मग परत. फोनमधून शुभांगी काहीतरी म्हणत होती, ते मिक्सरमध्ये ऐकू येत नव्हतं. नवऱ्याने आतून ओरडून विचारलं, बंद करू का. मी म्हटलं, चालू दे. पायाशी पंखे घुमत होते, भाजलेल्या खोबऱ्याचा वास बाहेरपर्यंत आला होता, आणि आबा पुन्हा पुन्हा मान वर करून आम्हाला तिकडे जायला सांगत होते. आम्ही कुणीच हललो नाही.